ग्वाराना आणि नऊशे ऐंशी ग्रॅम

"कोपरापर्यंत," सिस्टर फिलोमिना म्हणाल्या. "मनगटापर्यंत नव्हे मावशी, कोपरापर्यंत. आणि ती अंगठी काढा."

मी अंगठी काढून पर्समध्ये टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून हात धुतले. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी दिवसातून दहा वेळा हात धुवायचे. नव्या मुलींना हात कसे धुवायचे ते मीच शिकवायचे. पण त्या सकाळी सिस्टरांनी माझी दहाही नखं उजेडात धरून तपासली आणि मगच दार ढकललं.

आत तीन काचेच्या पेट्या होत्या. मधल्या पेटीवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं होतं : निमसे बेबी, मुलगी, ९८० ग्रॅम.

आधी मला बाळ दिसलंच नाही. लोकरीची टोपी दिसली, नाकापाशी बांधलेल्या नळ्या दिसल्या, बाजूच्या बाटलीतल्या पाण्यात सतत फुटणारे बुडबुडे दिसले. मग टोपीखाली मुठीएवढा चेहरा सापडला. छातीची कातडी इतकी पातळ होती की आतल्या निळ्या शिरा मोजता आल्या असत्या. हाताची बोटं काडेपेटीतल्या काड्यांएवढी, आणि त्या प्रत्येक बोटाला नख होतं. नखाचा तो पांढुरका काठसुद्धा. मी कितीतरी वेळ नुसती ती नखं बघत राहिले.

माझं काम वजनं करायचं. नऊशे ऐंशी ग्रॅम म्हणजे किती हे माझ्या हाताला कळायचं. मलम ढवळायच्या मोठ्या भांड्याच्या कडांना चिकटलेलं आम्ही रोज खरवडून टाकून द्यायचो, ते साधारण तेवढं भरायचं.

बाळ माझ्या धाकट्या बहिणीचं, शरयूचं. सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब एकाएकी इतका चढला, की डॉक्टरांनी थांबायला नकार दिला. अठ्ठावीस आठवडे झाले होते. शरयू दुसऱ्या मजल्यावर अंधाऱ्या खोलीत पडून होती. तिला झटका येऊ नये म्हणून आवाज नको, उजेड नको. तिचा नवरा विलास तिच्या उशाशी. बाळाजवळ घरातल्या एकाच माणसाला सोडायचे. पहिल्या दिवशी विलास आत गेला होता. दोन मिनिटांत बाहेर येऊन भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "ताई, माझ्याने नाही बघवत. तुम्ही जा." म्हणून मी.

पेटीपाशी उभी राहून पाच मिनिटं झाली असतील. बरगड्यांचा तो इवलासा पिंजरा वर-खाली, वर-खाली होत होता, आणि अचानक व्हायचा थांबला. कुठे धडपड नाही, चेहऱ्यावर त्रास नाही. थांबला, एवढंच. वरच्या पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा ब्याण्णव होता. तो नव्वद झाला, सत्त्याऐंशी झाला, ऐंशी झाला, आणि मग घंटी वाजली.

मी ओरडणार इतक्यात सिस्टर आल्या. घाई न करता त्यांनी पेटीच्या भोकातून हात घातला आणि बाळाच्या तळव्यावर बोटाने हलकीच टिचकी मारली.

"ए राणी, श्वास घे. विसरलीस ना परत?"

पिंजरा हलला. आकडा चढू लागला.

"विसरली?" मी विचारलं.

"तर काय! एवढी लहान पोरं विसरतात. पोटात कुठे श्वास घ्यायचा असतो? अजून बारा आठवडे हिला सुट्टी होती. आपण आधीच कामाला लावलं." सिस्टर फिलोमिना वसईच्या, बोलताना त्यांचे शब्द समुद्राकाठच्या हेलाने वळायचे. "मेंदूतलं श्वासाचं दुकान अजून नीट उघडलेलं नाही. मग मध्येच शटर पडतं. आपण ठोठावायचं."

त्यांनी भिंतीवरच्या वहीत वेळ लिहिली आणि त्या शेजारच्या पेटीकडे वळल्या. मी तेहतीस वर्षांची होते. श्वास घ्यायचा असतो हे कुणाला तरी लक्षात ठेवावं लागतं, असं त्या दिवसापर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी तेव्हा नाशिकला, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात केमिस्ट होते. मालक खैरनार सर. पूर्वी ते औषधांच्या ठोक धंद्यात होते, मग तेलं, मलमं, शांपू बनवायला लागले. आमचा बहुतेक माल दुसऱ्यांच्या नावाने विकला जायचा. त्या वर्षी मात्र सरांना स्वतःच्या नावाचं काहीतरी काढायचं होतं, आणि मुंबईच्या एका प्रदर्शनातून ते एक नवा शब्द घेऊन आले होते : ग्वाराना.

ही ब्राझीलच्या जंगलातली वेल. फळ तांबडं, पिकलं की उकलतं आणि आतल्या पांढऱ्या गरातून काळी बी डोकावते. पुरवठादाराने पाठवलेल्या फोटोत घोसच्या घोस आमच्याकडे डोळे वटारून बघत होते. तिथले लोक ही बी भाजतात, कुटतात, तिच्या कांड्या वळून वाळवतात, आणि आपण सहाणेवर सुंठ उगाळतो तशी ती कांडी एका मोठ्या माशाच्या हाडाळ, खरखरीत जिभेवर किसून पाण्यातून पितात. मग दिवसभर थकवा नाही, भूक नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे ती आली निळ्या ड्रममधून, तपकिरी पूड होऊन. जिभेवर चिमूटभर ठेवली तर कडू जहर.

सरांच्या डोक्यात तीन वस्तू होत्या : डोळ्यांखाली लावायचं जेल, केसांच्या मुळांना चोळायचं पाणी आणि तरतरीसाठी गोळी. गोळीला मी सरळ नाही म्हटलं.

"ग्वारानाच्या बीमध्ये कॉफीच्या दुपटीहून जास्त कॅफिन असतं, सर. रक्तदाबाच्या माणसाने दोन कप कॉफीवर आपल्या दोन गोळ्या घेतल्या तर त्याचं काळीज धडधडेल आणि तो आपल्यालाच फोन करेल."

केसांच्या पाण्याने केस खरंच वाढतात का, हे मला छातीठोकपणे सांगता येईना, म्हणून ते मागे पडलं. उरलं जेल. त्यात थोडं तथ्य होतं. कॅफिन कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे डोळ्यांखालची सूज काही वेळ उतरते. काही वेळच. मग पुन्हा आपण होतो तसे.

पहिला नमुना मी शरयूला नेऊन दिला होता. तिने बाटली नाकाशी धरून तोंड वाकडं केलं. "ताई, एवढी एम.एस्सी. केलीस ती लोकांच्या डोळ्यांखाली चिखल फासायला? माणूस झोपला की जातात गं ती वर्तुळं." ती हसली, मीही हसले. पण घरी जाताना ते मला टोचत राहिलं.

प्रत्येक ड्रममधली पूड मी यंत्रातून तपासायचे. कागदावर रेघ सपाट सरकत जायची आणि सव्वाचार मिनिटांनी एक उंच, निमुळतं शिखर उठायचं. ते कॅफिन. फार वर्षांपूर्वी कुणा रसायनशास्त्रज्ञाने ग्वारानातून हे काढलं तेव्हा त्याला वाटलं काहीतरी नवंच सापडलं, म्हणून त्याने त्याला ग्वारानिन असं नाव दिलं. नंतर कळलं की चहा-कॉफीत जे असतं तेच हे, अणूमागे अणू तेच. मी ते शिखर शेकडो वेळा पाहिलं होतं. रोजच्या बसची पाटी वाचावी तसं वाचायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

गुरुवारी, म्हणजे बाळाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा वहीचं पान भरत आलं होतं. आदल्या सकाळपासून बाळ चौदा वेळा विसरलं होतं. डॉक्टर काझी पेटीपाशी उभ्या होत्या. बुटक्या, पायात कापडी बूट, आवाज बारीक.

"मावशी ना तुम्ही? हे बघा, आत्तापर्यंत ती दर वेळी टिचकीने परत येतेय. ज्या वेळी येणार नाही त्या वेळी मला घशात नळी घालून तिला यंत्रावर घ्यावं लागेल. एवढ्याशा फुप्फुसांना यंत्राचा मार सोसत नाही. मला ते टाळायचंय." त्यांनी खिशातून कागद काढून त्यावर काहीतरी खरडलं. "एक औषध आहे, मेंदूला सारखी आठवण देत राहतं. आमच्याकडचं काल संपलं. मागवलंय, पण वाट बघण्यात अर्थ नाही. बाहेर मिळतं का बघा. लवकर."

मी कागद न वाचताच जिना उतरले. विलास खाली होता. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले आणि आम्ही गोळे कॉलनीत गेलो. नाशिकचा औषधांचा सगळा ठोक बाजार त्या दोन गल्ल्यांत आहे. पहिल्या दुकानाने मान हलवली. दुसऱ्याने कागद उलटसुलट करून परत दिला. तिसऱ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ नेला आणि मोठ्याने वाचलं :

"कॅफिन सायट्रेट. इंजेक्शन."

"काय?" मी म्हणाले.

"कॅफिन सायट्रेट. नवीन आहे हे. इथे कुणी ठेवत नाही अजून. मुंबईहून मागवतो, उद्या संध्याकाळी देतो."

मी त्यांच्या हातातून कागद ओढूनच घेतला. डॉक्टरांचं अक्षर किरटं होतं, पण एकदा कळल्यावर दुसरं काही वाचताच येईना. कॅफिन. आठ कार्बन, दहा हायड्रोजन, चार नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. सव्वाचार मिनिटांचं ते शिखर. दुकानासमोरच्या उन्हात मी तो कागद धरून उभी होते आणि माझ्या तोंडून नुसतं निघून गेलं, "अहो, हे तर मी रोज मोजते."

विलासने मोटरसायकलची किल्ली काढली. "काय मोजता?"

"हेच. कॅफिन. आमच्या ग्वारानात असतं ना, तेच."

बोलले आणि मला कळलं की बोलायला नको होतं. विलासचा चेहरा एकदम उजळला. दोन रात्री तो झोपला नव्हता, दाढीची खुंटं वाढली होती, आणि त्या चेहऱ्यावर इतकी आशा दिसली की मला मान वळवावीशी वाटली.

"मग चला की! दहा मिनिटांवर तुमचा कारखाना. ड्रम भरून आहे म्हणता ना?"

"तसं नाही ते, विलासराव."

"कसं नाही? तुम्हीच म्हणालात तेच आहे."

"त्या पुडीत शंभर भागांत बावीस भाग कॅफिन आहे. उरलेल्या अठ्ठ्याहत्तर भागांत काय काय आहे ते मलाही पुरतं माहीत नाही. बीचा चोथा, तुरट द्रव्यं, धूळ, जंतू. कातडीवर चालतं ते. रक्तात नाही चालत."

"मग गाळा! शुद्ध करा. केमिस्ट आहात ना तुम्ही?" त्याचा आवाज चढला. दुकानातले लोक बघायला लागले. "ताई, माझी पोरगी तिथे श्वास विसरतेय. तुमच्याकडे ढीग पडलाय आणि तुम्ही मला टक्के सांगताय?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. माझ्या टेबलाच्या वरच्या खणात एक तपकिरी बाटली होती. त्यात शुद्ध कॅफिन होतं, शंभरातले जवळजवळ शंभर भाग. यंत्राचं शिखर ताडून बघायला ते लागतं. बाळाचं वजन मला ठाऊक होतं. मात्रा डॉक्टरांनी कागदावर लिहिली होती : वीस मिलिग्रॅम. मिठाचे मोजके खडे. माझा काटा त्याच्या शंभराव्या हिश्शापर्यंत अचूक तोलायचा. माझ्या डोक्यात सगळी कृती पायरीपायरीने उभी राहिली : पाणी किती, उकळायचं कसं, गाळायचं कशातून. मी करू शकले असते. हा विचार माझ्या मनात अर्धवट नाही, पुरा आला. त्या बाटलीवर छापलेलं होतं, फक्त तपासणीसाठी. आणि मला हेही माहीत होतं की माझ्या प्रयोगशाळेतलं स्वच्छ पाणी हे मलमापुरतं स्वच्छ आहे.

"विलासराव," मी म्हणाले, "माझ्या हातचं मी तुमच्या डोळ्यांखाली लावायला देईन. तिच्या शिरेत जाऊ देणार नाही."

मोटरसायकल तशीच सोडून तो फुटपाथच्या कडेवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. मला रडायला आलं असतं तर बरं झालं असतं. मग मी पर्समधून फोन काढला आणि खैरनार सरांना लावला.

सरांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाले, "नाव सांगा. आता एकेक अक्षर सांगा. मात्रा? ठेवा फोन."

दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला. ठाण्यातल्या एका जुन्या ओळखीच्या ठोक दुकानदाराकडे दोन कुप्या होत्या. आमचा टेम्पो बाटल्यांची झाकणं आणायला सकाळीच भिवंडीला गेला होता. "नामदेवला वळवलाय ठाण्याला. झाकणं राहू देत. दीडला निघेल, पाच वाजेस्तोवर पोचेल. मॅडम, तुम्ही बाळाजवळ जा."

मी परत गेले. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, ओठ मिटले आणि म्हणाल्या, "पाच. ठीक आहे."

त्या दुपारी तीन पेट्या होत्या आणि सिस्टर एकट्या होत्या. दुसरी नर्स ऑपरेशन थिएटरात गेली होती. शेजारच्या पेटीतल्या जुळ्यांमधल्या एकाचं काहीतरी बिनसलं. फिलोमिनांनी मला स्टुलावर बसवलं, माझा धुतलेला हात स्वतःच्या हाताने पेटीच्या भोकातून आत घातला.

"घाबरायचं नाही. मान धरायची नाही, हलवायचं नाही. छातीकडे बघायचं, पडद्याकडे नाही. छाती आधी थांबते, आकडा मागून पडतो. थांबली की तळव्याला टिचकी. आली नाही तर मला हाक. जमेल?"

"जमेल."

पेटीत ऊब होती, पावसाळ्यात पाठीवर घेतलेल्या गोधडीसारखी. माझं बोट तिच्या तळव्यापाशी होतं. तो तळवा माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. मी छातीकडे बघत बसले.

दोन वाजून वीस मिनिटांनी ती थांबली. मी टिचकी मारली. माझी टिचकी फारच हळू झाली असावी. काहीच झालं नाही. दुसरी मारली. पिंजरा हलला.

दोन चाळीसला परत. तीनला पाच कमी असताना परत. मधल्या वेळात मी तिच्याबरोबर श्वास घेत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तिच्या वेगाने घेता घेता मला घेरी यायला लागली होती. मग मी माझा श्वास मुद्दाम वेगळा केला.

मी तिला सांगायला लागले. मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत. "तुला एक गंमत सांगू? दूर एक जंगल आहे. तिथे एक वेल आहे. बी किड्यांनी खाऊ नये म्हणून ती बीमध्ये कडू विष भरून ठेवते. किड्यांना ते चढतं. माणसाला मात्र त्याने जाग येते. लोक ते पाण्यात किसून पितात आणि दिवसभर होडी वल्हवतात. कुणी डोळ्यांखाली लावतं. मावशी ते बाटलीत भरते." मग मला पुढे काय सांगावं ते कळेना. कारण पुढचं मला स्वतःलाच नवं होतं. त्या वेलीला तुझं काही ठाऊक नाही. कॉफीच्या झाडाला ठाऊक नाही. कागदावर रेघ ओढणाऱ्या माझ्या यंत्राला ठाऊक नाही. चोवीस अणूंची ती मांडणी जंगलात किड्यांसाठी झाली, आणि तुझ्या मेंदूत, जिथे श्वासाचं दुकान उघडत नाही, तिथल्या कुलपाला नेमकी तीच किल्ली लागते. कुणी बनवलं होतं ते कुलूप? मी इतके दिवस त्या किल्लीकडे बसच्या पाटीसारखं बघत होते.

साडेतीनला ती थांबली आणि टिचकीने आली नाही. दुसऱ्या टिचकीने आली नाही. मी तिसरी मारली, तळवा चोळला. ओठांभोवती निळसर छटा चढू लागली.

"सिस्टर!"

फिलोमिना अक्षरशः उडी मारून आल्या. एका हाताने पेटीचं झाकण, दुसऱ्या हाताने लिंबाएवढा रबरी फुगा. त्याचं टोपण बाळाच्या नाकातोंडावर. त्या दाबायच्या आणि सोडायच्या, दाबायच्या आणि सोडायच्या, आणि दर वेळी पुटपुटायच्या, "श्वास... श्वास... श्वास..." घंटी वाजतच होती. चाळीस सेकंद झाली असतील. मग बाळाने स्वतःच एक मोठा हुंदका दिला आणि पिंजरा चालू झाला. डॉक्टर काझी धावत आल्या, कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "अजून एकदा असं झालं तर नळी घालणार. तयारी ठेवा."

तयारी म्हणजे काय ते मला दिसलं. ट्रॉलीवर सगळं मांडून ठेवलं. नळी बॉलपेनच्या रिफिलइतकी बारीक होती.

मी हात काढला नाही. सव्वापाच वाजता दाराच्या काचेवर टकटक झाली. बाहेर नामदेव उभा होता. अंगावर घामाने चिकटलेला खाकी शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरलेली, मंदिरात प्रसाद धरतात तशी.

"मॅडम, घाटात अर्धा तास अडकलो. मिळालं ना वेळेत?"

डॉक्टरांनी कुपी उजेडात धरली. आत पाण्यासारखं पाणी. मला काय अपेक्षित होतं कुणास ठाऊक. रंग तरी असेल, असं वाटलं असावं. बाळाला लागणार होतं ते एक मिलिलिटरलाही किंचित कमी. सिस्टरांनी ते सिरिंजमध्ये ओढलं, पातळ केलं, सिरिंज एका छोट्या यंत्रात बसवली आणि कळ दाबली. अर्ध्या तासात हळूहळू जायचं होतं. सिरिंजचा दट्ट्या सरकताना दिसत नव्हता. नजर काढून पुन्हा बघितलं तरच कळायचं की मघापेक्षा पुढे आहे.

मी छातीकडे बघत बसले. बोट तळव्यापाशी तयार.

सहा वाजले. काही झालं नाही. सव्वासहा झाले. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं आणि तांबूस झालं. पिंजरा वर-खाली, वर-खाली. मी थांबण्याची वाट बघत होते आणि ती थांबत नव्हती. साडेसहा. एकदा वेग मंदावला, माझं बोट हललं, पण मी टिचकी मारायच्या आधीच तिने आपणहून पुढचा श्वास घेतला. जणू कुणीतरी आतूनच तिला हाक मारली होती.

"मावशी," फिलोमिना मागून म्हणाल्या, "हात काढा आता. मुंग्या आल्या असतील."

हात खरंच बधिर झाला होता. मी बाहेर आले. विलास बाकावर बसला होता, शेजारी नामदेव. नामदेव घरी गेला नव्हता. कुणीतरी दोघांना चहा आणून दिला होता. विलासने मान वर केली. विचारायचं धाडस त्याला होईना.

"दीड तास," मी म्हणाले. "एकदाही विसरली नाही."

त्याने हातातल्या चहाच्या कपाकडे बघितलं आणि तो जपून खाली ठेवला. मग उठून माझ्या पायांना हात लावायला वाकला. मी त्याला वरच्या वर धरलं. "ताई, दुपारी मी..." एवढंच तो म्हणाला.

"दुपारी मलाही तेच वाटलं होतं," मी म्हणाले. हे मी त्याला सोडून कुणालाच कधी सांगितलेलं नाही.

त्यानंतरच्या वहीतल्या नोंदी मला पाठ आहेत. शुक्रवारी तीन. शनिवारी एक. रविवारी पान कोरं. पुढे तिला कावीळ झाली, एकदा जंतुसंसर्ग झाला, वजन उतरलं आणि पुन्हा चढलं. नऊ आठवड्यांनी एकोणीसशे ग्रॅमची होऊन ती घरी गेली. त्या रविवारनंतरच्या सोमवारी मी कामावर गेले तेव्हा खैरनार सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. जरा वेळाने, खाली बघत, चाचरत म्हणाले, "मॅडम, जेलच्या खोक्यावर यातलं काही... म्हणजे, हेच द्रव्य बाळांनाही..." मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. "नाही, नाही," ते घाईने म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." जेल त्या वर्षी निघालं. खोक्यावर एवढंच छापलं होतं की डोळ्यांखालची सूज काही वेळ कमी वाटेल. फारसं खपलं नाही. सरांनी त्याचं कधी बोलून दाखवलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं, पान कोरं राहिलं त्या दिवसाचं. शरयूचा रक्तदाब उतरला होता. सकाळी दहा वाजता तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं. तिने बाळ पाहिलेलंच नव्हतं. चेहरा सुजलेला, हाताला सुई, केस कुणीतरी ओले करून मागे बांधलेले. सिस्टरांनी तिचे हात कोपरापर्यंत धुतले, पुसले आणि खुर्ची मधल्या पेटीपाशी नेऊन लावली. मी मागे उभी राहिले.

शरयू पुढे वाकली. काचेला नाक लागेपर्यंत वाकली. नळ्या बघितल्या, टोपी बघितली, बाटलीतले बुडबुडे बघितले. मग तिला चेहरा सापडला. बाळ निजलेलं होतं, हात डोक्याशी, तोंड किंचित उघडं.

"ताई," शेवटी ती कुजबुजली, "काय करतेय गं ती?"

"श्वास घेतेय," मी म्हणाले.

शरयूने मान हलवली, आणि आम्ही दोघी ते बघत राहिलो.